कमानीवर धावपटू, ट्रॅकवर पेव्हर ब्लॉक : क्रीडा संकुल समितीस खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
तालुका क्रीडा संकुल समिती,
जिल्हा सातारा

स. न. वि. वि.

संकुलाच्या मातीच्या ट्रॅकवर आतल्या दोन लेनमध्ये पेव्हर ब्लॉक बसवून वॉकिंग ट्रॅक करायचा आणि प्रवेशद्वाराशी जिल्ह्यातल्या नामवंत खेळाडूंची चित्रं असलेली स्वागत कमान उभी करायची, असा ठराव समितीने केल्याचं आम्हाला कळलं. कळलं म्हणजे ठेकेदाराचा ट्रॅक्टर ब्लॉक उतरवायला आला तेव्हा कळलं. ट्रॅकवर रोज पळणाऱ्यांपैकी कुणालाही आधी विचारलेलं नव्हतं. आम्ही लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे जाहीर पत्र. तालुक्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. समितीला ते कळेलच, आणि दुसऱ्या तालुक्यातल्या कुणाला हे आपलंच पत्र वाटलं तर माझी काही हरकत नाही.

मी एका हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षिका आहे. कॉलेजात असताना ३००० मीटर पळायचे. विद्यापीठाच्या स्पर्धेपर्यंत पोचले, त्यापुढे नाही. बरीच वर्षं झाली, शाळा भरायच्या आधी याच मैदानावर मुलींचा सराव घेते. त्याचा पगार मिळत नाही आणि मी मागितलेलाही नाही. मुली आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येतात. कुणी सायकलवर, कुणी डेअरीला दूध घालायला निघालेल्या वडिलांच्या गाडीवर मागे बसून. सगळ्या काही चॅम्पियन व्हायला येत नाहीत. निम्म्याहून जास्त मुलींच्या डोक्यात पोलीस भरतीची ८०० मीटर असते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण त्यांच्यातच एखादी अशी निघते, की तिसऱ्या राउंडला बाकीच्यांना धाप लागते आणि हिचा श्वास तिथे कुठे लयीत यायला लागतो. अशी मुलगी ओळखायला फार हुशारी लागत नाही. तिला पुढे न्यायला मात्र मैदान लागतं.

आता कमानीविषयी. तिच्या नकाशात खाशाबा जाधवांच्या शेजारी ललिता बाबर यांचं चित्र आहे. चांगलंच आहे. फक्त त्या चित्रामागे काय काय आहे, ते एकदा समितीसमोर मांडते.

माण तालुक्यातल्या मोहीची ही मुलगी. 'माणदेशी एक्सप्रेस' वगैरे नावं पेपरवाल्यांनी नंतर दिली. २००५ साली पुण्यात वीस वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतलं. पुढे मॅरेथॉन. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षं त्या भारतीय महिलांमध्ये पहिल्या आल्या. मग ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्यावरच्या उड्या असलेली शर्यत. २०१४ ला इंचॉनच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्य. २०१५ ला वुहानमध्ये आशियाई अजिंक्यपद, आणि त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत आठवा क्रमांक. २०१६ ला रिओ. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, राष्ट्रीय विक्रम. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला त्याआधी १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये दिसली होती, पी. टी. उषा. मधे बत्तीस वर्षं गेली. रिओची अंतिम फेरी नेमकी १५ ऑगस्टला होती. ललिताताई दहाव्या आल्या. त्यांचा तो विक्रम मोडायला २०२३ उजाडलं, तेव्हा पारुल चौधरीने बुडापेस्टला ९ मिनिटं १५.३१ सेकंदांची वेळ दिली.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून समितीतल्या सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण देते. पोलीस भरतीत मुलाने १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढलं की पैकीच्या पैकी गुण. म्हणजे ४०० मीटरचा राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, असे चार. आपल्या मैदानावर वर्ष वर्ष घाम गाळणाऱ्या पोरांना विचारा, त्या वेळेत येताना काय हाल होतात ते. ललिताताईंनी रिओला त्याच्या जवळपास दुप्पट अंतर कापलं आणि सरासरी राउंड होता पाऊणशे सेकंदांच्याही आत. त्यात वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. महिलांचा हा अडथळा ७६.२ सेंटिमीटर उंच असतो आणि हर्डलसारखा धक्का लागला की पडत नाही. पडायचंच झालं तर धावणारी पडते.

माझं सगळं म्हणणं २००५ आणि २०१६ या दोन सालांच्या मधल्या अकरा वर्षांविषयी आहे. लांब पल्ल्याचा धावपटू असाच घडतो, कुणालाही दिसत नाही इतक्या सावकाश. शाळेत जिंकलेली मुलगी आणि ऑलिंपिकला उभी राहिलेली बाई यांच्यामध्ये अशी काही हजार पहाटे असतात, की ज्यांचा फोटो निघत नाही. शेवटच्या टप्प्यात राष्ट्रीय शिबिर मिळतं, निकोलाय स्नेसारेव्ह यांच्यासारखे परदेशी प्रशिक्षक मिळतात, उटीसारख्या उंचावरच्या ठिकाणी सराव मिळतो. पण तिथे निवड व्हायची तर आधी कुठेतरी वेळ द्यावी लागते, आणि ती वेळ द्यायला मोजलेला ट्रॅक लागतो. तालुक्याच्या समितीकडून ऑलिंपिकपटू घडवण्याची अपेक्षा कुणीच करत नाही. समितीकडे येतात ती पहिली चार-पाच वर्षं. कमान २०१६ ची आहे. आमच्या मुली अजून २००५ मध्येच आहेत.

तसं पाहिलं तर मिरवणुकीत आपला जिल्हा कधीच मागे नव्हता. खाशाबा १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्या सजवून लोकांनी त्यांना त्यांच्या गावी, गोळेश्वरला नेलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ते. पण हेलसिंकीला जायचे पैसे कुठून आले, तेही आपल्याकडे घरोघर माहीत आहे. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापुरात त्यांच्या प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकलं. आता १५ जानेवारीला, त्यांच्या जन्मदिनी, राज्य क्रीडा दिन साजरा होतो. आपल्या संकुलातही होतो. फुलांचा हार, मान्यवरांची भाषणं, मुलांना बिस्किटचा पुडा. त्या दिवशी मैदानावर खुर्च्या मांडलेल्या असतात, म्हणून सराव बंद.

आता तक्रारी.

पेव्हर ब्लॉकपासून सुरू करते, कारण ते एकदा बसले की पुन्हा कुणी काढणार नाही. ४०० मीटरचा राउंड पहिल्या लेनमध्ये, आतल्या कडेलगत मोजतात. प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद. आतल्या दोन लेन गेल्या की पळणाऱ्या मुलीला तिसऱ्या लेनमधून पळावं लागेल, आणि तिथे राउंड ४०० चा राहत नाही, जवळपास ४१५ मीटरचा होतो. ३००० मीटरला साडेसात राउंड. म्हणजे शंभराहून जास्त मीटर जादा. मग माझ्या हातातल्या स्टॉपवॉचला अर्थ काय? जिल्हा स्पर्धेला जाताना मुलीला आपली खरी वेळच माहीत नसेल. कुणी म्हणेल, पळा की मग ब्लॉकवरूनच. रोज सिमेंटवर पळून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींच्या नडग्या भरतात. भरलेली नडगी घेऊन मुलगी घरी बसली की महिनाभर येत नाही, आणि महिनाभर न आलेली मुलगी बऱ्याचदा पुन्हा येतच नाही. पावसाळ्यात ब्लॉकवर शेवाळ धरतं ते वेगळंच. आपल्या बसस्थानकात दर पावसाळ्यात कोण कोण घसरतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

ज्येष्ठ नागरिकांना चालायला जागा हवी, हे मला मान्य आहे. माझे सासरेही रोज सकाळी याच मैदानावर चालतात आणि या पत्राला त्यांचाही पाठिंबा आहे. चालणाऱ्यांना राउंड ४०० चाच हवा असा काही नियम नाही. ट्रॅकच्या बाहेर, कंपाउंडच्या भिंतीलगत चांगली आठ-दहा फूट जागा मोकळी आहे. तिथे सध्या काँग्रेस गवत माजलंय आणि जुना, मोडका जनरेटर पडलाय. तिथे मुरूम टाकून, रोलर फिरवून, दोन बाकडी ठेवली तर चालणाऱ्यांची सोय होते आणि चौघांनी ओळीत गप्पा मारत पहिल्या लेनमधून चालण्याचा रोजचा वादही मिटतो. (हा वाद किती जुना आहे, ते समितीतल्या किमान दोन सदस्यांना अनुभवाने माहीत आहे.)

दुसरं, मैदान भाड्याने देणं. संकुलाला उत्पन्न लागतं, वीजबिल भरावं लागतं, हे समजतं. पण कृषी प्रदर्शन, जाहीर सभा, लग्नाचा मांडव यांसाठी मैदान दिलं जातं आणि परत घेताना कुणी पाहायला येत नाही. मागच्या प्रदर्शनानंतर ट्रॅकवर स्टॉलच्या खुंटांचे खड्डे, टेम्पोच्या चाकोऱ्या आणि खिळे होते. किती खिळे, तर मुलींनी एका बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक काढून, त्याला दोरी बांधून ते ट्रॅकभर ओढत नेलं. प्रत्येक वळणाला थांबायचं, चुंबकाला चिकटलेले खिळे चहाच्या कागदी कपात झाडायचे, आणि पुढे. सुताराचे बारीक खिळे, पत्र्याचे वॉशरवाले, वाकलेले, गंजलेले. कप भरला, मग दुसरा आणला. त्या सकाळी सराव झाला नाही, पण मुलींना मजा आली. मला अजिबात आली नाही, कारण त्यांतल्या दोघी अनवाणी पळतात.

तिसरं, गेटची वेळ. गेट सकाळी साडेसहाला उघडतं. वॉचमनकाका भला माणूस आहे, पण किल्ली त्यांच्याकडे नसते. शाळा साडेदहाची असली तरी या मुलींना घरी जाऊन पाणी भरायचं असतं, डबा करायचा असतो, काहींना ज्युनिअर कॉलेजचे सकाळचे तास असतात. म्हणून त्यांना पाचला सुरुवात हवी. गेट बंद, म्हणून त्या रस्त्याने पळतात. जानेवारीत आपल्याकडे उजाडायलाच सात वाजतात. तोच कारखान्यांचा हंगाम. पहाटेच्या अंधारात रस्त्याने उसाच्या जोडट्रॉल्या चाललेल्या, मागे रिफ्लेक्टर नाही, ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी, आणि कडेने एका ओळीत पळणाऱ्या पोरी. मी पुढे स्कूटीचा दिवा लावून जाते. याहून जास्त काय करणार?

एका मुलीच्या आईशी झालेलं बोलणं इथे सांगते. मुलगी दहावी पास झाली होती, धावणं चांगलं होतं, आणि घरात ते बंद करायचं चाललं होतं. मी घरी गेले. आई म्हणाली, "मॅडम, ग्राउंडात पळाय माझी ना न्हाय बगा. पर रोडला नको. उद्या काय झालं तर मी तिच्या बापाला काय सांगू?" मला उत्तर देता आलं नाही. दहावीनंतर मुली का गळतात यावर आपण व्याख्यानं ठेवतो, पाहुणे बोलावतो. लग्न, घरची कामं, पैसा ही कारणं आहेतच आणि ती समितीच्या हातात नाहीत. पण गेट पाचला उघडणं आहे.

स्वच्छतागृहाबद्दल एकच ओळ लिहिते: महिलांचं स्वच्छतागृह बांधलेलं आहे, त्याचं उद्घाटन झालेलं आहे, आणि ते कुलूपबंद आहे.

साहित्याविषयी थोडं. ललिता बाबर यांच्यानंतर आमच्याकडच्या मुलींना स्टीपलचेस करायची फार हौस आहे. आपल्या मैदानावर त्याचा एकही अडथळा नाही. आम्ही बाभळीचं एक जाड खोड दोन बाजूंना दगडांवर ठेवलंय, सोललेल्या सालीने पाय खरचटू नये म्हणून त्याला बारदान गुंडाळून सुतळीने बांधलंय. उंची टेपने मोजून बरोबर केली आहे. पाण्याच्या उडीसाठी पुढे वाळूचा खड्डा. खऱ्या उडीत अडथळा धरून ३.६६ मीटर लांबीचा पाण्याचा खड्डा असतो, तेवढ्यावर रेघ आम्ही वाळूत ओढतो. ती पार केली की मुली ओरडतात. एवढ्यावर त्या जिल्ह्याला जातात आणि तिथे खरा लाकडी अडथळा पहिल्यांदा बघतात. स्थानिक वेल्डरकडून मी चौकशी केली आहे, लोखंडी पायांचे आणि लाकडी दांड्याचे चार अडथळे तो करून देऊ शकतो. कमानीच्या एका खांबाच्या खर्चात ते सहज बसतील, असं तो हसत हसत म्हणाला. खर्चाचा अंदाज माझा नाही, त्याचा आहे.

मोठ्या ट्रॅकची मागणी मी करत नाही. सिंथेटिक ट्रॅक आला तर आनंदच आहे, पण त्या नावाखाली मातीच्या ट्रॅकची हेळसांड नको. आपल्याच जिल्ह्यातली अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये तिरंदाजीची जागतिक विजेती झाली, वय वर्षं सतरा. तिचा सराव उसाच्या शेतात तयार केलेल्या मैदानावर व्हायचा. साध्या जागेवरही होतं. मात्र ती जागा रोज हाताशी पाहिजे आणि तिथे कुणीतरी रोज उभं पाहिजे.

तर आमच्या मागण्या अशा :

१. ट्रॅकवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव रद्द करावा आणि तसं लेखी कळवावं. उतरवलेले ब्लॉक पार्किंगला वापरावेत, तिथे दर पावसाळ्यात चिखल होतोच. चालणाऱ्यांसाठी भिंतीलगत मुरमाचा रस्ता करावा.

२. गेट वर्षभर पहाटे पाचला उघडावं, ऑक्टोबर ते मार्च ट्रॅकच्या दोन्ही वळणांवर दिवे लावावेत. महिलांचं स्वच्छतागृह त्याच वेळी उघडावं. किल्लीची जबाबदारी घ्यायला आम्ही पालक आणि शिक्षक तयार आहोत.

३. मैदान भाड्याने देताना ट्रॅक वगळून द्यावं. अनामत रक्कम घ्यावी आणि खेळाडूंच्या प्रतिनिधीने जागा पाहून सही केल्याशिवाय ती परत करू नये. शालेय जिल्हा स्पर्धांच्या आधीचा महिना मैदान कुणालाच देऊ नये, मग तो कितीही मोठा मांडव असो.

४. रोलर, आठवड्याला एक पाण्याचा टँकर, आखणीसाठी फक्की, आणि स्टीपलचेसचे चार अडथळे. कमानीच्या आधी.

५. समितीच्या बैठकीला सरावाला येणाऱ्या मुलींपैकी एकीला आणि एका क्रीडाशिक्षकाला बोलवावं. ठराव सूचनाफलकावर लावावेत, म्हणजे ट्रॅक्टर येईपर्यंत वाट पाहावी लागणार नाही.

कमान बांधूच नका असं मी म्हणत नाही. ती शेवटी बांधा.

काहींनी मला सांगितलं, सरकारी पगार घेता, जाहीर लिहू नका, त्रास होईल. ललिता बाबरही आज राज्याच्या प्रशासनात अधिकारी आहेत. तुमच्यापैकी काहीजण बसता तसल्याच खुर्चीत एखादी धावपटू बसलेली आहे. तेव्हा धावणाऱ्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला खुर्चीची अडचण होत नसावी, असं मी धरून चालते.

येत्या रविवारी सकाळी सहाला समितीतल्या कुणीही मैदानावर यावं. ट्रॅक आपण मिळून मोजू, ब्लॉक बसले तर राउंड किती मीटरचा होतो ते प्रत्यक्ष दाखवते, आणि भिंतीलगतची जागाही मोजू. मोठा टेप माझ्याकडे आहे. गेट तेवढं उघडून ठेवायला सांगा.

कळावे,

आपली,
एक क्रीडाशिक्षिका
(सोबत सरावाला येणाऱ्या मुली आणि त्यांच्या पालकांच्या सह्या अर्जाला जोडलेल्या आहेत, तो अर्ज आपल्या कार्यालयात आहे.)